जरा उलटं करून बघू

हाताने शिवलेल्या वस्तूला भाव मिळत नाही, ही तक्रार आमच्या शहरात निदान तीनशे वर्षं जुनी आहे. औरंगजेब बादशहा फावल्या वेळात टोप्या शिवायचा, असं सांगतात. काबूलपासून जिंजीपर्यंत राज्य, आणि गडी बसलाय टोपीच्या काठाला टाके घालत. १७०७ साली तो गेला, तेव्हा या टोप्यांच्या विक्रीतून शिल्लक निघाली चार रुपये दोन आणे. तेवढ्यातच माझं कफन करा, असं त्याने लिहून ठेवलं होतं म्हणे. कबरही फार लांब नाही, इथून पंचवीस किलोमीटरवर खुलताबादला आहे. आता बघा, दुकानदार असा की त्याला "नको" म्हणायची गिऱ्हाइकाची हिंमत नाही. टोपी नको म्हणणाऱ्याचं डोकं तरी जागेवर राहील की नाही, याचीच शंका. तरीही शिल्लक चार रुपये दोन आणे! शहराला चिकटलेलं त्याचं नाव २०२३ साली अधिकृतपणे उतरलं, टोप्यांचा हिशोब मात्र अजून सांगितला जातो. मग सिडकोतल्या वहिनींनी महिनाभर मान मोडून भरलेल्या टेबलक्लॉथला प्रदर्शनात कुणी "ऐंशीला देता का?" असं विचारलं, तर त्यांनी ते मनाला का लावून घ्यावं?

पण घेतलं. त्या संध्याकाळी वहिनींनी टेबलक्लॉथ घडी करून पिशवीत टाकला आणि यापुढे विकणार म्हणून काही नाही, असं जाहीर केलं. शिवायचं ते हौसेने शिवायचं आणि ज्यांना टाका कळतो त्यांनाच द्यायचं. आमचा गट जमला तो असा. दहा-बारा जणी आहोत. महिन्यातून एका दुपारी कुणा एकीच्या घरी बसतो. गटाला नाव ठेवलेलं नाही, कारण नावं ठेवायची सगळी हौस एकमेकींच्या वस्तूंवरच भागते.

माणसांनाही आम्ही नावाने हाक मारत नाही, पत्त्याने मारतो. गारखेड्याच्या काकू, पदमपुऱ्याच्या मावशी, शहागंजच्या आपा. सिडकोच्या वहिनी बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे गटाचं रजिस्टर आपसूक त्यांच्याकडे गेलं. वाळूजची मुलगी वयाने सगळ्यांत लहान. तिकडच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या कामावर आहे, आणि सुट्टीच्या दिवशीही तो कारखाना तिच्या डोक्यातून उतरत नाही.

मुख्य सोहळा वर्षातून एकदा, संक्रांत आणि रथसप्तमीच्या मधल्या दिवसांत. हळदीकुंकवाला वाण लुटायची पद्धत आपल्याकडे आहेच. पण वाणाचं अलीकडे काय झालंय, हे कुठल्याही घरच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला की कळतं. प्लास्टिकच्या चाळण्या, स्टीलच्या वाट्या, झाकण न बसणारे डबे आणि ब्लाऊजपीस. ब्लाऊजपीस हे कापड शिवण्यासाठी विणलेलं नसतंच. त्याच्या शिलाईला त्याच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे पडतात, म्हणून ते शिवत कुणीच नाही, पुढे सरकवतात. सिडकोच्या वहिनींनी एकदा एका जांभळ्या, चंदेरी बुट्टीच्या ब्लाऊजपीसच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक तारीख घातली आणि तो बाजारात सोडला. गारखेडा, उस्मानपुरा, हडको अशी प्रदक्षिणा करून तो यथावकाश त्यांच्याच ओटीत परत आला. वाटेत त्याला एकीने नारळासोबत धाडलं असणार, एकीने बारशाला, एकीने "घ्या हो, रिकाम्या हाताने जाऊ नये" म्हणून. कुठल्याच घरात त्याची घडी मोडली गेली नव्हती.

म्हणून आमच्यात वाण हाताने शिवलेलंच. चिठ्ठ्या टाकायच्या, जिच्या नावाची निघेल तिच्यासाठी शिवायचं आणि तोंड बंद ठेवायचं. रजिस्टरच्या पहिल्या पानावर चार नियम आहेत. एक, मशीनला हात लावायचा नाही. दोन, कापड घरातलंच, नवीन आणायचं नाही. तीन, दोरा, लेस, मणी धरून खर्च शंभराच्या आत. चार, कुणासाठी शिवतोय ते फुटता कामा नये. तिसऱ्या नियमाखाली वहिनींनी कंसात लिहिलंय, 'वेळ धरू नये.' वेळ धरला असता तर प्रत्येक रुमाल पैठणीच्या भावात गेला असता.

काटकसरीने देखणं काम करायची या गावाला तशी सवयच आहे. बीबी का मकबरा बघा. ताजमहालाचा नमुना समोर ठेवून, हात राखून बांधलेला. खर्च ६,६८,२०३ रुपये सात आणे, असा आकडा सांगतात. सगळे तो ताजमहालापेक्षा किती कमी आहे हे बोलतात. आमच्या वहिनींना मात्र शेवटच्या सात आण्यांचं कौतुक. "हिशोब ठेवणारा माणूस बघा कसा होता," म्हणतात, आणि दोऱ्याच्या लडीची पावती मागतात.

दुसरा नियम मोडला जातो तो रंगारगल्लीत. "फक्त एक पिवळी लडी घेते" म्हणून गुलमंडीवर गेलेली बाई दोन तासांनी लेस, गोंडे, टिकल्या, खणाचे तुकडे आणि लोकरीचे गुंडे घेऊन परतते आणि घरी सांगते, गर्दी फार होती. तिथे पिवळ्या दोऱ्याच्या इतक्या छटा असतात की हळदीलाही आपण नक्की कोणत्या, असा प्रश्न पडावा. लडी दारात नेऊन उन्हात धरायची, मान तिरकी करून बघायची, "याच्याहून एक नंबर फिकी" मागायची. दुकानदारही पोचलेले. ती आणून देतात ती आधीचीच लडी असते आणि बाई म्हणते, "हं, ही बरोबर."

आमच्या बैठकीची वेळ ठरते ती पंचांगावरून नव्हे, नळावरून. जायकवाडीचा एवढा मोठा नाथसागर उशाशी असूनही आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी बाई घर सोडत नाही. त्यामुळे "शुक्रवारी चालेल?" या साध्या प्रश्नावर सगळ्या वसाहतींच्या पाण्याच्या पाळ्यांची बेरीज-वजाबाकी होते. गारखेड्याला पाणी असलं की काकू नाहीत, शहागंजला असलं की आपा नाहीत. तरी कधी कधी ऐन रंगात फोन येतो, "पाणी आलं!" मग सुई कापडात खुपसलेली तशीच टाकून बाई रिक्षा गाठते. त्या दिवशी खुर्चीत बसण्यापूर्वी प्रत्येकीने खुर्चीवर हात फिरवून बघायचा असतो.

बैठकीची सुरुवात सुई ओवण्याने होते. चाळिशीनंतर सुईचं नेढं दर वर्षी थोडं लहान होत जातं. दोऱ्याचं टोक ओठात ओलं करायचं, चिमटीत चपटं करायचं, श्वास धरायचा, सुई खिडकीच्या उजेडाकडे धरायची, आणि दोरा नेढ्याच्या शेजारून निघून जातो. मग चष्मा वर, चष्मा खाली, चष्मा दुसरीचा. शेवटी एकीच्या नातवाला हाक मारली जाते. हा पोरगा दुसरीत आहे आणि बाजारभाव ओळखून आहे. पूर्वी एका चॉकलेटात सगळ्या सुया ओवून द्यायचा, आता सुईगणिक मागतो. वहिनींनी 'ओवणावळ' असं नवीन खातं काढलंय.

पदमपुऱ्याच्या मावशींना मात्र त्याची गरज लागत नाही. त्यांना डोळ्यांनी फारसं दिसतच नाही, त्या बोटांनी ओवतात. त्यांची गोधडी बघत बसावी. खाली जुनी सुती साडी, वर लुगड्याचे पदर, मध्ये विरलेली धोतरं आणि चादरी. सगळं फरशीवर पसरायचं, सुरकुत्या तळहाताने काठाकडे सारायच्या, कोपऱ्यांवर वजन म्हणून पाटा, वरवंटा, नाहीतर जवळ असेल तो नातू ठेवायचा. आधी लांब लांब टाक्यांची कच्ची शिलाई, मग खरा धावदोरा. त्या एकेक टाका ओढत बसत नाहीत. सुईच्या टोकावर कापड चार-पाच वेळा झुलवून घेतात, मग सगळे टाके एकदम ओढतात आणि ओळीवर अंगठा फिरवतात. दोन ओळींच्या मध्ये कापड जरासं फुगून येतं. गोधडीची ऊब असते ती तिथे.

वाळूजच्या मुलीने पहिल्या दिवशी पर्समधून मोजपट्टी काढली आणि मावशींच्या गोधडीला लावली. दर इंचाला सहा टाके, पुढच्या इंचाला सहा, त्याच्या पुढच्याला सहा. तिला वाटलं, खाली कुठेतरी आखून घेतलंय. मावशी म्हणाल्या, "कामून मोजू लागलीस माय? रात्री पांघरताना कोणी टाके मोजतंय का?" पोरीने मोजपट्टी ठेवून दिली. तिच्या कारखान्यात हे जमवायला तीन पाळ्यांत माणसं लागतात.

पण सवय जात नाही. मागच्या वेळी शहागंजच्या आपांनी आणलेल्या बटव्यावरची शिलाई इतकी सलग, इतकी सरळ होती की पोरीने हळूच म्हटलं, "हे मशीनवरचं वाटतंय." खोलीत शांतता पसरली. पहिल्या नियमाचा भंग! आपांच्या सासरी एके काळी हिमरूचा माग होता. सुती ताणा आणि रेशमी बाणा यांच्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या घरावर हा आळ. आपा अजिबात चिडल्या नाहीत. चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "नक्को बेटा, ऐसे नक्को बोलो. जरा उलटा करके तो देखो."

उलटा केला. मशीनला दोन दोरे लागतात, एक वरून आणि एक खालच्या बॉबिनमधून, म्हणून त्याची शिलाई मागून-पुढून सारखीच दिसते. हाताच्या उलट्या टिपेला दोरा एकच. पुढून ती अखंड रेघ दिसते आणि मागून टाक्यावर टाका चढलेला, दोराला पीळ दिल्यासारखा. बटव्याच्या आतली ती पिळाची रेघ पोरीने बघितली आणि आपांच्या पायाच पडली. तेव्हापासून आमच्यात एक वाक्य रूढ झालं. कुणी काहीही दाखवलं, की पाच हात पुढे येतात: "जरा उलटं करून बघू."

बाहेरचे लोक वस्तू पुढून बघतात आणि "वा!" म्हणतात. शिवणारी बाई ती आधी उलटी करते. पुढची बाजू जगासाठी असते, मागच्या बाजूला बाईचा स्वभाव असतो. गाठी कुठे मारल्यात, दोरा एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत तसाच लोंबकळत नेलाय की तोडून नव्याने सुरू केलाय, सगळं तिथे कळतं. पन्नास किलोमीटरवरच्या पैठणच्या विणकरांनी तर कमालच करून ठेवली आहे. अस्सल पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच, धागे लोंबत नाहीत. असला शेजार लाभल्यावर आमच्या गारखेड्याच्या काकूंनी काय करावं? त्यांची मागची बाजू म्हणजे शहराचा नळजोडणीचा नकाशा. त्या प्रत्येक वस्तूला मागून अस्तर लावून मोकळ्या होतात. अस्तर दिसलं की सगळ्या समजून घेतात आणि कुणी उसवा म्हणत नाही. एवढा सभ्यपणा आमच्यात आहे.

चौथा नियम, गुपिताचा, चिठ्ठ्या टाकल्याच्या संध्याकाळीच फुटतो. फोन येतो: "सहज केला हो. कशा आहात? बरं, तुमच्या मिक्सरची उंची किती?" किंवा: "तुमच्या दिवाणखान्याच्या भिंती अजून त्याच रंगाच्या आहेत ना? नाही, सहज." सहज हा शब्द या काळात जितका वापरला जातो तितका वर्षभरात वापरला जात नाही. ज्यांना असा फोन येत नाही त्या अस्वस्थ होतात. आपल्यासाठी शिवणारी बाई माप न घेताच शिवतेय की काय!

वाटपाच्या दिवशी तिळगूळ होतो, हळदीकुंकू होतं, आपा त्यांच्या घरून शीरखुर्म्याची आठवण करून देणारी खीर आणतात, आणि मग पुड्या सुटतात. या प्रसंगीच्या दादेची भाषा नवख्या माणसाला समजावून सांगावी लागते. "वेगळंच आहे हं काहीतरी" म्हणजे, हे काय आहे? "रंग अगदी ठसठशीत" म्हणजे, डोळे दिपले, आता थोडा वेळ काही दिसणार नाही. "किती पेशन्स हो तुम्हाला!" म्हणजे, मी हे मरेपर्यंत करणार नाही. आणि "रोज वापरायला जीवच होणार नाही" याचा अर्थ, वापरणार नाही, हे नक्की. खरी दाद शब्दांत नसतेच. जिला वस्तू मिळाली ती ती उलटी करते, नखाने एक टाका चाचपते आणि काहीच न बोलता शेजारणीकडे सरकवते. शेजारीणही उलटी करते. वस्तू पालथीच्या पालथी सगळ्या खोलीतून फिरली, तर ती जिंकली.

या व्यवहाराने आमच्या घरांचं मात्र काही खरं राहिलेलं नाही. मिक्सरला टोपडं आहे, फ्रिजच्या मुठीला झबलं आहे, गॅस सिलिंडरला परकर आहे. रिमोटला कुंची आहे, त्यामुळे तो सापडतो पण चालत नाही. आणि यातलं काही पुढे ढकलता येत नाही, हीच तर मेख. ब्लाऊजपीस कुणाचाच नसतो, म्हणून तो गावभर हिंडतो. हाताचा टाका मात्र अक्षरापेक्षा लवकर ओळखू येतो. मावशींचा धावदोरा, आपांची उलटी टीप, काकूंचं अस्तर. हे तुम्ही कुणाच्या बारशात दिलंत, तर बारसं संपायच्या आत बातमी पदमपुऱ्यात पोचलेली असते. देता येत नाही, टाकवत नाही, नजरेआड केलं तर देणारी पुढच्या महिन्यात घरी येणारच असते. बैठक जिच्या घरी असते तिच्याकडे त्या दिवशी सकाळपासून कपाटातून एकेक वस्तू बाहेर येतात आणि दुपारपर्यंत दिवाणखान्यात रुखवत मांडलेलं असतं.

जगात इतरत्रही हाच खेळ चालत आला आहे. बंगालमधल्या बायका जुन्या साड्यांचे थर लावून कांथा शिवतात, धावदोरा तोच, ऊबही तीच. अमेरिकेत १८४०च्या दशकात मैत्रिणी एकेक चौकोन शिवून त्यावर आपापली नावं भरायच्या आणि सगळे चौकोन जोडून एक पांघरूण करायच्या. लांब निघालेल्या मैत्रिणीला ते सोबत द्यायच्या. शिलाई मशीनचं एलायस हाव याचं पेटंट १८४६चं, म्हणजे त्याच सुमाराचं. मशीन आल्यावर हातशिलाई संपेल असं शहाण्यासुरत्या लोकांना वाटलं असणार. पण मशीन कपडे शिवतं. सगळं गाव रेडीमेड घालत असताना एक बाई महिनाभर दुसरीच्या मिक्सरच्या उंचीचा विचार करत बसते, हे त्याला जमत नाही. आपल्या मिक्सरचा महिनाभर विचार करणारं माणूस घरात तरी कुठे असतं? घरात तो बिघडल्यावरच आठवतो. काकूंच्या टोपड्याला मागून अस्तर असेल, पण त्यांनी माप विचारायला फोन केला होता. दिवाळीच्या चकचकीत डब्याबरोबर असा फोन येत नाही. म्हणून ती टोपडी-झबली कुणी टाकत नाही; सिलिंडरचा परकरसुद्धा संक्रांतीच्या आधी धुऊन इस्त्री होतो.

यंदा गटात पहिल्यांदा पुरुषाचा अर्ज आला. गारखेड्याचे काका एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले आणि दुपारी काय करायचं हा प्रश्न त्यांना, आणि त्याहून जास्त काकूंना, पडला. अर्ज रीतसर होता. विषय, संदर्भ, आपला विश्वासू, सगळं. यावर चर्चा झाली. मावशी म्हणाल्या, नामदेव महाराज शिंपीच होते, आपल्याच मराठवाड्यातले, नरसीचे. पुरुषाने सुई धरली म्हणून काय बिघडलं? वहिनींना ते पटलं, पण त्यांनी प्रवेश परीक्षा ठेवली: शर्टाला बटण लावून दाखवा. काकांनी लावलं. इतका दोरा गुंडाळला की बटण आजही निघणार नाही, फक्त ते काजात जात नाही. भक्कमपणाचे गुण देऊन त्यांना पास केलं.

चिठ्ठीत काकांना आपा निघाल्या. काका महिनाभर दार लावून बसले. वाटपाच्या दिवशी त्यांनी आपांच्या हातात चष्म्याचं घर ठेवलं. जुन्या सुटाच्या कापडाचं, काठ सरळ, कोपरे काटकोनात, टाका म्हणून कुठे दिसेना. सगळ्या थक्क. वाळूजच्या मुलीने मोजपट्टी लावली. चारी बाजू मिलिमीटरला मिलिमीटर. इतका अदृश्य टाका आपांनीही पाहिला नव्हता. अर्थातच पाच हात पुढे आले, "जरा उलटं करून बघू." आपांनी आत बोट घातलं, मग दोन बोटं, मग मावशींनी अंगठ्याने जोर लावला. घर उलटं होईना. सुटाच्या आत सगळं लाकडासारखं कडक. आपांनी वास घेतला, काकांकडे बघितलं आणि चष्मा काढून त्यात ठेवला. "हौ, मजबूत है," म्हणाल्या. त्या आता तेच वापरतात. रिक्षात दोनदा पडलं, चष्म्याला ओरखडा नाही.

वहिनींनी मात्र त्याच दुपारी रजिस्टर उघडून लिहिलं, 'नियम पाच : फेविकॉल हा टाका धरला जाणार नाही.' सर्व सदस्यांच्या सह्या झाल्या. काकांनीही केली, आणि सहीखाली सरकारी वळणाच्या अक्षरात खुलासा मागवला आहे, एम-सीलबाबत गटाचं धोरण काय?